‘कुटुंब’, ‘कामगार’, ‘साक्षर’: पाहणीच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

जनगणना किंवा नमुना पाहणीच्या कामात नव्याने येणारा बहुधा आधी नमुना निवड आणि भारांक (नमुन्यातलं एक उत्तर एकूण किती जणांच्या जागी धरायचं तो आकडा) शिकायला घेतो. तेही लागतंच. पण आकडा घसरायला सुरुवात होते ती त्याच्या कितीतरी आधी, ‘कुटुंब’, ‘कामगार’, ‘साक्षर’ हे रोजच्या वापरातले शब्द आपल्याला ठाऊकच आहेत असं धरून चालल्यामुळे. पाहणीत या प्रत्येक शब्दाला तीन गोष्टी चिकटलेल्या असतात: कोणाला मोजायचं, कोणत्या कालावधीबद्दल विचारायचं आणि शंका आली तर कोणत्या बाजूला टाकायचं. यातली एकही बाजू सुटली तर ती व्याख्या अर्धीच राहते.

सुरुवात कुटुंबापासून करा, कारण बाकी सगळं त्यावर उभं राहतं. कसोटी रक्ताच्या नात्याची किंवा रेशनकार्डाची नाही. सर्वसाधारणपणे एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरात जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. एका घरात दोन भाऊ राहतात, उंबरठा एक, पण चुली दोन: ही दोन कुटुंबं. वरच्या खोलीतला भाडेकरू स्वतंत्र, पण पैसे देऊन घरच्यांबरोबर दोन्ही वेळ जेवणारा आणि तिथेच राहणारा पाहुणा-सदस्य याच कुटुंबात. घरातच राहून जेवणारी कामवाली बाईसुद्धा याच कुटुंबात, आणि नवा प्रगणक नेमका तिलाच विसरतो. म्हणून ‘घरात किती जण?’ एवढाच प्रश्न पुरत नाही. ‘काल रात्री इथे कोण झोपलं, एरवी कोण राहतं, बाहेरगावी कोण गेलंय, कधी परत येणार?’ असं एकेक करून विचारत जा.

वसतिगृहाशी आलात की थांबा. जनगणनेत अख्खं वसतिगृह हे एक संस्थात्मक कुटुंब धरलं जातं. राष्ट्रीय नमुना पाहणीत मात्र तिथला प्रत्येक विद्यार्थी सहसा एकसदस्यीय कुटुंब ठरतो. हा फरक ध्यानात न घेता दोन्हींतला ‘कुटुंबाचा सरासरी आकार’ शेजारी शेजारी मांडू नका.

कोणाला मोजलं यावर निष्कर्ष किती बदलतो, याचं उत्तम उदाहरण लिंग गुणोत्तराचं आहे. २०११ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे ९४३ स्त्रिया निघाल्या. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हाच आकडा १,०२० आला आणि देशात स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त झाल्याच्या बातम्या छापून आल्या. त्या पाहणीचा आकडा आदल्या रात्री त्या घरांत मुक्कामाला असलेल्या लोकांचा आहे. कामासाठी दूर गेलेले, मजुरांच्या छावणीत किंवा बराकीत राहणारे पुरुष त्यात सहसा येतच नाहीत. शिवाय ती नमुना पाहणी, जनगणना नव्हे. दोन्ही आकडे आपापल्या जागी योग्य असले तरी एकाला दुसऱ्याचं ‘ताजं रूप’ म्हणणं चूक.

सर्वांत जास्त वेळ द्यावा लागतो तो ‘काम’ या शब्दाला. जनगणनेत वर्षातून सहा महिने किंवा जास्त काम केलेला तो मुख्य कामगार, त्याहून कमी केलेला सीमांतिक. श्रमबल पाहणीत (श्रमबल म्हणजे काम करणारे आणि काम शोधणारे) नेहमीच्या स्थितीसाठी मागचे ३६५ दिवस पाहतात. त्यातला जास्त काळ कशात गेला यावर मुख्य स्थिती ठरते, आणि किमान ३० दिवसांचं एखादं काम असेल तर ते दुय्यम स्थिती म्हणून नोंदवतात. चालू साप्ताहिक स्थितीत मागच्या सात दिवसांत एका दिवशी एक तास काम केलं तरी माणूस कामावर धरला जातो. त्यामुळे एकाच बाईचं उत्तर तीन ठिकाणी तीन असू शकतं.

आता शेतकरी कुटुंबातल्या बाईला ‘तुम्ही काम करता का?’ असं विचारून पाहा. उत्तर येतं, ‘नाही, घरीच असते.’ ते तसंच लिहिलंत तर ती श्रमबलाच्या बाहेर गेली. मग खोदून विचारा: पेरणी, खुरपणी, काढणीला जाता? म्हशीचं दूध काढता? घरच्या दुकानात बसता? यातल्या कामांना मोबदला नसला तरी ती घरच्या उद्योगातली मदतनीस ठरू शकते, श्रमबल पाहणीच्या पत्रकात संकेतांक २१. फक्त घरकाम असेल तर ९२. घरकामासोबत सरपण, चारा, रानभाजी गोळा करणं किंवा घरच्यांसाठी शिवणकाम असेल तर ९३. २१ आणि ९३ मधली रेघ पुसट आहे, आणि स्त्रियांचा श्रमसहभाग बराचसा याच रेघेवर हेलकावतो. घाईत ९२ टाकून पुढे जाणं हा या कामातला सर्वांत महागडा आळस.

साक्षरतेत घोळ होतो तो भाजकावर. सात वर्षं पूर्ण झालेली आणि कोणत्याही भाषेत समजून लिहू-वाचू शकणारी व्यक्ती साक्षर. नुसती सही येणं किंवा नुसतं वाचता येणं पुरत नाही. ० ते ६ वयाची मुलं शाळेत जात असली तरी निरक्षर धरतात, पण प्रचलित दराच्या भाजकातून त्यांना वगळतात. २०११ चा दर असा ७२.९८ टक्के येतो. एकूण लोकसंख्येने भागलंत तर तोच साधारण ६३ वर घसरतो.

सामाजिक गटांच्या बाबतीत राज्याची यादी आणि तारीख दोन्ही पाहा. अनुसूचित जातींची यादी राज्यागणिक वेगळी असते, आणि धर्माने हिंदू, शीख किंवा बौद्ध असलेल्यांनाच तो दर्जा मिळतो. बौद्धांचा समावेश १९९० मध्ये झाला. महाराष्ट्रात अनुसूचित जातींचं प्रमाण १९८१ मधल्या सुमारे ७ टक्क्यांवरून १९९१ मध्ये सुमारे ११ टक्क्यांवर गेलं त्याचं मोठं कारण हे आहे. ती वाढ जन्मदराने समजावायला निघालात तर सगळं विश्लेषण वाया जाईल. अनुसूचित जमातींना धर्माची अट नाही.

वय पूर्ण वर्षांत लिहितात. लोक मात्र ‘असेल चाळीस’ म्हणतात. जन्मदाखला नसेल तर थोरल्या मुलाचं वय, लग्नाचं वर्ष, बहात्तरचा दुष्काळ किंवा १९९३ चा किल्लारीचा भूकंप आठवायला लावून ताळा घ्या. माहिती आली की २३ ते ६२ वयोगटातली, ० किंवा ५ ने संपणाऱ्या वयांची माणसं मोजा, पाचने गुणा, त्या वयोगटाच्या एकूण संख्येने भागा आणि शंभराने गुणा. हा व्हिपल निर्देशांक. १०० आला तर गोल आकड्यांची ओढ नाही, ५०० आला तर सगळीच वयं गोल. तो प्रगणकवार काढा. एखाद्याचा बाकीच्यांपेक्षा फारच वर असेल तर त्याच्या पुढच्या दोन-चार मुलाखतींना पर्यवेक्षकाने सोबत बसावं, म्हणजे प्रश्न कुठे घाईत उरकला जातोय ते तिथेच दिसतं.