नऊ एमएम कार्बाइनचा धक्का आवरताना: आधी वजन, मग प्रवास, शेवटी स्प्रिंग

काडतूस पिस्तुलाचं, शस्त्र सहा-सात पौंडांचं, दस्ता खांद्याला घट्ट टेकलेला, तरी डॉट (साइटमधला लाल ठिपका) एवढा का नाचतो? पीसीसी (पिस्तुलाचं काडतूस वापरणारी कार्बाइन) विभागात नव्याने आलेल्या प्रत्येकाला हे कोडं पडतं. उत्तर दस्त्यातल्या बफर ट्यूबमध्ये आहे, म्हणजे बफर हे सरकतं वजन आणि त्याची स्प्रिंग ज्या नळीत बसते तिच्यात.

ही माहिती एआर-९ (एआर-१५ चा ९ एमएम अवतार) पद्धतीच्या साध्या ब्लोबॅक कार्बाइनसाठी आहे, आणि अमेरिकेत युएसपीएसए या प्रॅक्टिकल नेमबाजी संघटनेच्या क्लब मॅच खेळणाऱ्या मराठी नेमबाजांसमोर ठेवून लिहिली आहे. भारतात ९ एमएम हा प्रतिबंधित बोअर आहे, तिथे हा प्रश्नच येत नाही. सिग एमपीएक्स गॅसवर चालते आणि सीएमएमजी बॅन्शीमध्ये रेडियल डिलेड बोल्ट असतो. खाली दिलेली वजनं त्या दोन्हींना लावू नका.

साध्या ब्लोबॅकमध्ये बोल्टला, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या सरकत्या भागाला, कुलूप नसतं. गोळी सुटते तेव्हा पुंगळी (काडतुसाचं कवच) मागे यायला बघते, आणि तिला थोपवून धरतं ते फक्त बोल्ट आणि बफरचं वजन. ९ एमएमचा कमाल दाब ३५,००० पीएसआय धरला, तर पुंगळीच्या बुडावर त्या क्षणी ३,००० पौंडांहून जास्त जोर येतो. बंद बोल्टवर स्प्रिंगचा जोर असतो जेमतेम काही पौंड. म्हणजे त्या क्षणी स्प्रिंगला काडीचाही वाव नसतो. 'कडक स्प्रिंग टाकली, आता हलका बफर चालेल' हा सल्ला जागोजागी मिळतो. तो चुकीचा आहे आणि धोक्याचाही आहे.

आता आकडा बघा. १३० पॉवर फॅक्टरच्या (गोळीच्या जोराचा आकडा, त्याचा हिशोब पुढे आहे) गोळीचा संवेग साधारण २.५७ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद येतो. बोल्ट आणि बफर मिळून १५ औंस असतील तर ते सेकंदाला सुमारे ६ मीटर वेगाने मागे येतात, २२ औंस असतील तर ४.१ मीटरने. बारुदाच्या गॅसचा हिस्सा यात धरलेला नाही, तो धरला की दोन्ही आकडे थोडे चढतात. संवेग दोन्हीकडे तेवढाच असला तरी ट्यूबच्या तळावर आदळणारी ऊर्जा जड जोडीत जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होते. खांद्याला जो 'ठक्' असा टोला बसतो आणि डॉट दुसऱ्यांदा उडतो, तो या आदळण्याचा असतो.

दारूगोळा आधी ठरवा

रोज वेगळं काडतूस वापरून ट्यूनिंग होत नाही. युएसपीएसएमध्ये पीसीसीला मायनर पॉवर फॅक्टर लागतो, किमान १२५. गोळीचं वजन ग्रेनमध्ये, वेग फूट प्रति सेकंदात, गुणाकाराला १००० ने भागायचं. १४७ ग्रेनची गोळी ८८५ वेगाने गेली की १३० होतात. ११५ ग्रेनची दुकानातली गोळी लांब नळीतून १,२५० ने गेली तर १४४. हे जास्तीचे १४ तुम्ही विनाकारण खांद्यावर घेता. वेग तुमच्याच नळीतून, क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) मोजा. डब्यावरचा आकडा बहुधा पिस्तुलाच्या नळीचा असतो. १२५ च्या अगदी काठावर राहू नका, थंडीत वेग उतरला की मॅचचा क्रोनो तुम्हाला घरी पाठवतो. १२९ ते १३२ ही चांगली जागा.

वजन

काम सुरू करण्याआधी मॅगझिन काढा, चेंबर डोळ्यांनी बघा, मग बोटाने चाचपा, आणि जिवंत काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. त्यानंतर बोल्ट आणि बफर बाहेर काढून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर एकत्र तोला. कंपनीने लिहिलेल्या वजनावर विसंबू नका. बोल्ट साधारण १४ ते १६ औंसांचा असतो. ५.५६ एमएम रायफल काडतुसाच्या कार्बाइनचा साधा बफर सुमारे ३ औंसांचा, ९ एमएमसाठीचा साडेपाचच्या आसपास, जड प्रकार ७ ते ८ औंसांचे. जोडीचं वजन २० ते २२ औंस (५६५ ते ६२५ ग्रॅम) भरलं की सुरुवात चांगली झाली. १४ औंसांच्या बोल्टला ३ औंसांचा बफर ही जोडी वापरू नका.

वजन कमी पडतंय हे पुंगळ्या सांगतात. बुडाशी फुगवटा, प्रायमर चपटा होऊन कडेने पसरलेला, पुंगळी पुढच्या बाजूला लांब फेकलेली. यातलं काही दिसलं की थांबा, वजन वाढवल्याशिवाय पुढची फैर झाडू नका. उलट वजन जास्त झालं की पुंगळ्या पायाशी पडतात किंवा बाहेर पडायच्या खिडकीत उभ्या अडकतात, शेवटच्या गोळीनंतर बोल्ट मागे थांबत नाही, आणि बोल्ट पुढे येताना डॉट खाली झुकतो. बोल्टच्या मागचं वजन पिनेने बसवलेलं असेल तर ते काढून 'हलकं' करायचा मोह टाळा. कमी-जास्त करायचं ते बफरमध्ये, ते मागे फिरवता येतं.

प्रवास

बहुतेकांचं घोडं इथे अडतं. कार्बाइन बफर ट्यूब आतून साधारण ७ इंच खोल असते आणि साधा बफर ३.२५ इंच लांब. त्यामुळे बोल्टला पावणेचार इंचांच्या आसपास मागे जायला मोकळीक मिळते. ही मोकळीक ५.५६ च्या लांब काडतुसासाठी आहे. ९ एमएमचं अख्खं काडतूस कमाल १.१६९ इंच, त्याला एवढा प्रवास लागतच नाही. जादा प्रवासाचे दोन तोटे आहेत. एक, बोल्ट उगाच लांब जातो आणि डॉट परतायला उशीर होतो. दुसरा जास्त महागात पडतो. परत येताना बोल्टला धावायला जागा मिळते आणि तो बोल्ट कॅचवर (बोल्टला मागे अडवून धरणाऱ्या खटक्यावर) पूर्ण वेगाने आदळतो. एआर-९ मध्ये बोल्ट कॅच तुटतात ते बहुतेक यामुळेच.

मोजायचं असं. रिकामं मॅगझिन लावा, चार्जिंग हँडल ओढून बोल्ट कॅचवर टेकू द्या, मग हँडल पूर्ण मागे खेचून धरा. बोल्टचं तोंड आणि कॅच यांच्यातली फट खिडकीतून दिसते. तिच्यात ड्रिल बिटची गुळगुळीत दांडी घालून बघा. २ मिलिमीटरची सैल बसते आणि ३ ची अडते, एवढी फट हवी. ६ मिमीपेक्षा जास्त असेल तर ट्यूबच्या तळाशी स्पेसर टाका. अमेरिकेतला जुना तोडगा म्हणजे पाव डॉलरची नाणी. एक नाणं १.७५ मिमी जाड, तीन नाण्यांचे सव्वापाच मिमी झाले. नाणी ट्यूबमध्ये सपाट बसतात आणि एकेक काढून-घालून चाचणी घेता येते. आकडा नक्की झाला की त्याच जाडीचा प्लास्टिकचा तुकडा कापून घ्या.

फट दीड मिमीच्या खाली आणू नका. बंदूक स्वच्छ असताना चालेल, पण ब्लोबॅक घाण करते, आणि चौथ्या स्टेजला काजळी साचली की बोल्ट कॅचच्या मागे पोचतच नाही.

चार इंची लांब बफर असेल तर प्रवास त्यानेच तीन इंचांवर आणलेला असतो, त्यात पुन्हा नाणी घालू नका. स्पेसरमुळे बंद बोल्टवरचा स्प्रिंगचा दाब थोडा वाढतो. पण बोल्ट पूर्ण मागे असताना स्प्रिंगला किती जागा उरते हे बफरची लांबी ठरवते, त्यामुळे नाण्यांनी स्प्रिंग घट्ट आवळली जाण्याची भीती नाही.

जोडणी झाल्यावर बफर रिटेनर ही छोटी पिन तपासा. बोल्ट बंद असताना बफर बोल्टला टेकलेला हवा, पिनेवर रेललेला नको. पिन रोज मार खात राहिली की तुटते, आणि तिचा तुकडा ट्रिगरच्या भागांत पडतो.

बफरचा प्रकार

भरीव बफर स्वस्त आणि टिकाऊ, पण बोल्ट पुढे आदळला की उसळी मारून किंचित मागे येतो. डेड-ब्लोमध्ये आत सरकणारी वजनं किंवा टंगस्टनची भुकटी असते, ती क्षणभर उशिरा पोचते आणि बोल्टची उसळी दाबून टाकते. पैसे एकाच ठिकाणी घालायचे तर इथे घाला. हायड्रॉलिक बफर मागचा टोला छान गिळतो, पण त्याचा दट्ट्या पुरता दाबला जाईल एवढा प्रवास शिल्लक हवा, म्हणजे वरची फट नव्याने मोजावी लागते. दट्ट्याभोवती तेल दिसलं तर तो बदलायचा, दुरुस्तीच्या नादी लागू नका. कडाक्याच्या थंडीत तो मंदावतो, हेही ध्यानात असू द्या.

आणि मग स्प्रिंग

वजन दोन्ही दिशांना बोल्टचा वेग कमी करतं. कडक स्प्रिंग मागे जाताना अडवते खरी, पण तेवढ्याच जोराने पुढे फेकते. म्हणून 'एक्स्ट्रा पॉवर' स्प्रिंग घातल्यावर डॉट वर कमी जातो आणि खाली जास्त बुडतो. नव्या साध्या कार्बाइन स्प्रिंगपासून सुरू करा. मोकळी लांबी १० १/१६ इंचांखाली गेली की ती बदला.

डॉट काय करतो ते डोळ्यांना दिसत नाही, फोनला दिसतं. रेंजवर सोबत्याला बाजूला, गोळीच्या रेषेच्या मागे उभं करून २४० फ्रेमवर नळीचं तोंड चित्रित करा. बोल्टचा एक फेरा त्यात डझनभर फ्रेममध्ये उलगडतो. तोंड आधी वर जातं, बोल्ट तळावर आदळताना आणखी एक झटका खातं, मग बोल्ट बंद होताना खाली येतं. दुसरा झटका मोठा असेल तर वजन किंवा बफर बघा. शेवटी तोंड मूळ जागेच्या खाली जात असेल तर कमी कडक स्प्रिंग घाला.

कागदावरही कळतं. १० यार्डांवरून जोड्यांचे दहा बार करा आणि फक्त दुसऱ्या गोळ्या बघा. त्या वर चढलेल्या असतील तर डॉट परतण्याआधी चाप ओढला जातोय, खाली असतील तर बोल्ट पुढे येताना नाक बुडतंय. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलाला तीन मॅगझिन द्या.

एक लक्षण फसवं आहे. शेवटच्या गोळीनंतर बोल्ट थांबत नसेल तर सगळे 'वजन जास्त झालं' म्हणून बफर हलका करतात. पण बोल्ट फार वेगात असेल तरीही हेच होतं, मॅगझिनची स्प्रिंग कॅच वर ढकलण्याआधीच तो निघून गेलेला असतो. अशा वेळी बफर हलका करणं म्हणजे आगीत तेल. मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरून पाच वेळा झाडा आणि पुंगळी बघा. पायाशी पडत असेल तर बोल्ट अपुरा मागे जातोय. लांब उडत असेल तर तो वेगात आहे: वजन वाढवा, मॅगझिनची स्प्रिंग बदला.

हलक्या ट्रिगरसोबत एकदा चाप ओढून दोन गोळ्या सुटल्या, तर ते ट्यूनिंगचं काम उरलं नाही. बंदूक रिकामी करा, पिशवीत घाला आणि गनस्मिथकडे न्या. मॅचमध्ये ती असुरक्षित ठरतेच, शिवाय कायद्याचा प्रश्न येतो तो वेगळाच.

जुळलेली जोडी मॅचला नेण्याआधी न पुसता २०० गोळ्या झाडा. बोल्टचं वजन, बफरचं वजन, स्पेसरची जाडी आणि स्प्रिंगची लांबी चिकटपट्टीवर लिहून दस्त्याच्या आत चिकटवा, आणि दोनशेव्या गोळीनंतर कॅचजवळची फट पुन्हा मोजा.