कॅमेऱ्याची जादा बॅटरी घेताना

लग्नाच्या फोटोंच्या ऑर्डरी घेते, त्यामुळे मुंबईतल्या बोरा बाजारातल्या कॅमेऱ्याच्या दुकानांत माझी फेरी ठरलेलीच. दुसऱ्या कंपनीची बॅटरी जरूर घ्या, पण आधी आकडे वाचा. सोनीची मूळ एनपी-एफझेड१०० ही बॅटरी असते ७.२ व्होल्ट, २२८० एमएएचची (एमएएच म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप). तेवढ्याच आकारात कुणी ३००० छापलं असेल, तर तो आकडा फुगवलेला समजून मी ती हातातही धरत नाही. मग बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि त्याखालचा आर-नंबर, म्हणजे ‘R-’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. तो नसेल तर दुकानदार कितीही ‘मॅडम, गॅरंटी माझी’ म्हणो, नको.

कॅमेरा सोबत न्याच. बॅटरी अलगद बसली पाहिजे, स्क्रीनवर टक्के दिसले पाहिजेत.

घरी खरी परीक्षा. पूर्ण चार्ज करून व्हिडिओ रेकॉर्डिंग लावा, कॅमेरा बंद पडेपर्यंत. मूळ बॅटरीचंही तसंच करा. फरक फार असेल, किंवा चाळीस टक्क्यांवरून एकदम शून्य झालं, तर बिल घेऊन लगेच परत करा. मुहूर्ताच्या वेळी मात्र मी मूळ बॅटरीच लावते. अक्षता दुसऱ्यांदा पडत नाहीत. जराशी फुगलेली बॅटरी खाचेत दाबून बसवू नका, चार्जही करू नका, ई-कचऱ्यात द्या.