जुना वाडा पुन्हा वापरात आणताना या चुका टाळा

पुण्याचा विश्रामबागवाडा १८०७ मध्ये दुसऱ्या बाजीरावासाठी बांधला गेला, १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा भरू लागली आणि पुढे त्याच वाड्यातून नगरपालिकेचा कारभारही चालला. उभी वास्तू अशी नव्या कामाला लावली, की विटा भाजण्याचे, सिमेंट तयार करण्याचे आणि राडारोडा वाहून नेण्याचे इंधन वाचते. मात्र दुरुस्ती चुकली, तर ही बचत काही पावसाळ्यांतच वाया जाते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे चुन्यात बांधलेल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करणे. या भिंतींत ओल अडवणारा थर सहसा नसतो. जमिनीतून चढलेली ओल चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू बाहेर पडून सुकत असते. सिमेंट ती वाट बंद करते, ओल आणखी वर चढते, क्षार आत साठतात आणि गिलाव्यामागची वीट भुसभुशीत होते. पोपडे पडले म्हणून पुन्हा सिमेंट थापणे हा उपाय टिकत नाही, याचे कारण हेच. आधी कौले, पन्हळी, गळके नळ आणि जोत्यालगत साचणारे पाणी पाहावे. मग सिमेंट हलक्या हाताने काढून भिंत पुरती सुकू द्यावी, त्याला काही महिने लागले तरी घाई करू नये. त्यानंतरच पाण्यात नीट विरवलेल्या चुन्याचा गिलावा करावा आणि वर चुन्याचीच सफेदी द्यावी, कारण ऑइल पेंट लावला तर ओल पुन्हा कोंडते.

लाकडाच्या बाबतीत होणारी घाई पाहून फार वाईट वाटते. तळखड्याजवळ, म्हणजे खांबाखालच्या दगडी बैठकीजवळ, वीतभर भाग कुजला, म्हणून अख्खा सागवानी खांब भंगारात जातो आणि तिथे काँक्रीट ओतले जाते. दाभण टोचून कूज कुठवर गेली आहे ते पाहावे, जाणत्या अभियंत्याच्या देखरेखीखाली वरचा भार टेकूंवर घ्यावा आणि तेवढाच भाग कापून वाळलेल्या सागवानाचा तुकडा सांधावा. वाळवीचा बंदोबस्त त्याआधीच व्हायला हवा.

वास्तूला न झेपणारा वापर निवडणे ही तिसरी चूक. वरच्या मजल्यावरील लाकडी तक्तपोशीवर (फळ्यांच्या जमिनीवर) न्हाणीघर किंवा कागदपत्रांची जड कपाटे नेऊ नयेत. ती तळमजल्यावरच ठेवावीत.