रेडिएटर फॅन फिरत नाही? मोटर बदलण्याआधी अर्थची (निगेटिव्हची) वायर तपासा

सिग्नलला थांबलं की तापमानाचा काटा वर चढतो आणि मोकळ्या रस्त्याला लागलं की खाली येतो, असं होत असेल तर संशय आधी फॅनवर घ्या. धावत्या गाडीच्या रेडिएटरला समोरचा वारा पुरतो, उभ्या गाडीला फॅनच लागतो. हायवेवर वेगात असतानाही गाडी तापत असेल तर मात्र कूलंट, थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप) आणि रेडिएटर बघा, फॅनच्या मागे लागू नका.

गॅरेजमध्ये गेलात की दोन सल्ले हमखास मिळतात: ‘फॅन डायरेक्ट करून देतो’ आणि ‘थर्मोस्टॅट काढून टाकू’. दोन्हींना सरळ नाही म्हणा. डायरेक्ट केलेला, म्हणजे सेन्सर टाळून सरळ जोडलेला फॅन गरज नसतानाही फिरत राहतो, मोटर झिजते आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो. थर्मोस्टॅट काढला की इंजिन नीट तापतच नाही आणि पेट्रोल जास्त लागतं.

पुढची पद्धत साध्या रिलेवर (फॅनचा करंट चालू-बंद करणाऱ्या छोट्या डबीवर) चालणाऱ्या फॅनसाठी आहे. फॅनवरच कंट्रोल मॉड्यूल बसवलेल्या नव्या गाड्यांना ती जशीच्या तशी लावू नका. काही गाड्यांत चावी काढल्यावरही फॅन अचानक सुरू होतो, म्हणून पात्यांजवळ हात नेण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. रेडिएटरची कॅप गरम असताना उघडायची नाही.

इंजिन सुरू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत त्यासोबत रेडिएटर फॅनही फिरतो. फिरला तर फ्यूज, मोटर आणि जाड वायरिंग शाबूत आहे, थेट कूलंटचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरकडे जा. एसीच्या कंडेन्सरचा फॅन वेगळा असेल तर कुठला फिरतोय ते नीट बघा.

फिरला नाही तर फ्यूज बघा. उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. पुन्हा उडाला तर मोठा फ्यूज घालायचा नाही, पातं हाताने फिरवून मोटर जाम आहे का ते बघायचं.

मग रिले. तसाच दुसरा रिले, बहुधा हॉर्नचा, अदलाबदल करून बघा. फरक पडला नाही तर रिले काढून होल्डरमधल्या 30 आणि 87 या, म्हणजे फॅनचा करंट जिथून जातो त्या खाचा फ्यूज लावलेल्या जाड वायरने जोडा. कुठली खाच कुठली हे रिलेवर छापलेल्या आकृतीवरून ठरवा, अंदाजाने नाही. बॅटरीचा प्लस चुकून कॉइलच्या (रिलेला चालू करणाऱ्या गुंडाळीच्या) खाचेत गेला तर इंजिनचा कंट्रोलर जळू शकतो.

आता खरी मेख. वायर जोडूनही फॅन फिरत नाही. मेकॅनिक फॅनचा कपलर (वायरींचा प्लास्टिकचा जोड) काढतो, मल्टिमीटर लावतो, 12 व्होल्ट दिसतात आणि तो सांगतो, ‘करंट येतोय, मोटर गेली.’ सुरुवातीला मीही याच ठिकाणी अडकायचो. हे माप फसवं आहे. नळ बंद असताना तुंबलेल्या पाइपातही दाब पूर्ण दिसतो, नळ उघडला की धार मरते. तसंच हे. मीटर नगण्य करंट ओढतो, फॅन दहा-पंधरा अँपिअर. एका तारेवर तग धरलेली वायर मीटरला 12 दाखवते आणि फॅनला काहीच देत नाही.

म्हणून कपलर लावलेला ठेवा, 30-87 ची वायरही तशीच राहू द्या आणि कपलरच्या मागून, वायरच्या कडेने बारीक पिन सरकवून मोजा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर, दुसरं फॅनच्या अर्थच्या, बहुधा काळ्या, वायरवर. पोलवरच टेकवा, क्लॅम्पवर नको, नाहीतर क्लॅम्पचा गंज मापातून सुटतो. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थ खराब, बाराच्या आसपास आलं तर अर्थ तुटलेलाच. मग हेच प्लसच्या बाजूने: बॅटरीचा प्लस पोल ते फॅनची प्लस वायर. दोन्ही बाजूंना जवळपास शून्य आणि तरी फॅन बंद, तेव्हाच मोटरला दोष द्या. मोटरला हलका ठोका दिल्यावर ती फिरली तर मोटरमधले, आत करंट पोचवणारे कार्बनचे ब्रश संपलेत.

पावसाळ्यानंतर, त्यातही कोकणातल्या गाड्यांत, मी आधी अर्थची वायर पत्र्याला धरणारा नट उघडतो. वरून घट्ट दिसतो, पण खालच्या रिंगवर हिरवट-पांढरी बुरशी आणि पत्र्यावर तांबूस गंज असतो. पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा येईपर्यंत घासा, नट आवळा, वरून पेट्रोलियम जेली लावा. कपलरचं प्लास्टिक तपकिरी पडलं असेल किंवा वितळलं असेल तर घासून भागत नाही, कपलर बदला.

वायर जोडल्यावर फॅन फिरतो पण आपोआप लागत नाही, तर आधी थंड इंजिनमध्ये कूलंटची पातळी बघा. सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला नसेल तर त्याला खरं तापमान कळतच नाही. पातळी ठीक असेल तर इंजिन चालू ठेवून सेन्सरचा कपलर काढा. बऱ्याच गाड्यांत कंट्रोलर खबरदारी म्हणून फॅन लगेच सुरू करतो. तसं झालं तर सेन्सर बदला. नाही झालं तर रिलेच्या कॉइलची वायरिंग तपासायला हवी. चेक इंजिनचा दिवा लागेल, तो स्कॅनरने घालवता येतो.

शेवटी सगळं जागेवर लावून, एसी बंद ठेवून गाडी उभ्या जागी चालू ठेवा. बहुतेक गाड्यांत फॅन 95 ते 100 अंशांच्या आसपास लागतो आणि काही अंश उतरल्यावर थांबतो. दोनदा आपोआप लागून बंद झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.