वीस वर्षं गाडी चालवणाऱ्यांनो, या चुका टाळा

रविवारी सकाळी सहाला मी मैदानावर मोटरसायकल चालवायला शिकवतो. तिथं जी मंडळी येतात त्यांत नवशिके कमीच असतात. बहुतेक चाळिशीच्या आसपासचे, लडाख करून आलेले, वर्षातून चार वेळा गगनबावडामार्गे कोकणात उतरणारे. पहिलं वाक्य ठरलेलं: "सर, गाडी येतीय आपल्याला. जरा ॲडव्हान्स काहीतरी सांगा." मी ४० च्या वेगानं येऊन जमिनीवर ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या कोनापाशी थांबायला सांगतो. उजवा पाय मागच्या ब्रेकवर दाबला जातो, मागचं चाक घासत जातं आणि गाडी कोनाच्या बरीच पुढं जाऊन थांबते.

पुढच्या ब्रेकची भीती ही माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक. तिचं मूळ मला माहीत आहे. थोरल्या भावानं किंवा काकानं गाडी शिकवताना सांगितलेलं असतं, "पुढचा ब्रेक धरू नको, तोंडावर आपटशील." तेव्हा पुढं ड्रम ब्रेक होता, रस्ते खडीचे होते, हँडल वाकडं असताना कुणी करकचून लिव्हर ओढला की तो पडायचाच. आज पुढं डिस्क आहे, टायर चांगले आहेत, पण हात अजून त्याच सल्ल्यावर चालतो. ब्रेक लागला की बरंचसं वजन पुढच्या चाकावर येतं, त्याची पकड वाढते आणि मागचं चाक हलकं होतं. कोरड्या डांबरावर थांबवण्याच्या ताकदीतला ७० टक्क्यांच्या आसपास वाटा पुढच्या चाकाचा असतो तो यामुळंच. आम्ही टेप लावून मोजतो. ४० च्या वेगात नुसत्या मागच्या ब्रेकवर १७-१८ मीटर लागतात, दोन्हीवर ९-१०. वेग दुप्पट केला की हे अंतर चौपट होतं.

माझ्या एका मित्राचं सांगतो. बावीस वर्षं गाडी चालवणारा, निर्व्यसनी, शांत माणूस. साडेतीनशे सीसीची गाडी, त्यात एबीएस, म्हणजे करकचून ब्रेक धरला तरी चाक जाम होऊ न देणारं यंत्र. कळे सोडून गगनबावड्याकडं आम्ही दोघं चाललो होतो, मी मागं. उजवीकडच्या शेतातून म्हैस रस्त्यावर आली. वेग साठीच्या आत होता, अंतर पुरेसं होतं. त्याचा ब्रेक लाइट पेटला, गाडीचं बूड डावीकडं सरकलं आणि तो आडवा झाला. म्हशीला खरचटलंही नाही, याचं गळ्याजवळचं हाड मोडलं. त्याला रिक्षात बसवून दिल्यावर मी रस्त्यावरचा काळा पट्टा पावलांनी मोजला. एकवीस पावलं, आणि तो पट्टा फक्त मागच्या चाकाचा. दवाखान्यात तो मला पुन्हा पुन्हा एकच विचारत होता, "एबीएस असून घसरली कशी?"

त्याची गाडी सिंगल चॅनल एबीएसची. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं, पण सिंगल चॅनल म्हणजे फक्त पुढच्या चाकाला. ज्या चाकाला यंत्र राखत होतं तो ब्रेक त्यानं धरलाच नाही. तुमची गाडी सिंगल आहे की ड्युअल, हे आजच बघा. मागच्या डिस्कशेजारी दातेरी किंवा भोकांची बारीक रिंग आणि तिच्याजवळ सेन्सरची वायर दिसते का पाहा. नसली तर सिंगल, असली तरी गाडीसोबतचं पुस्तक उघडून खात्री करा.

उपाय म्हणून मी माझी सवय सांगतो. रोज गाडी काढली की पहिल्या मोकळ्या, सरळ पट्ट्यात आरसा बघतो आणि दोन वेळा दोन्ही ब्रेकवर कडक थांबतो. लिव्हर आधी नुसता टेकवायचा, पुढचे शॉक खाली बसू द्यायचे, मगच दाब वाढवत न्यायचा. टेकवणं आणि दाबणं यात अर्ध्या सेकंदाचंही अंतर नसतं, पण ते असावंच लागतं. गाडी सरळ उभी हवी आणि खाली वाळू नको. सुरुवात ३० पासून. "हे एका रविवारात होईल ना?" असं विचारणाऱ्याला मी नाही म्हणतो. म्हैस समोर आल्यावर डोकं विचार करत नाही, हात-पाय रोजचंच करतात. ते रोजचं बदलायला महिने जातात, आणि ज्याला तेवढा धीर नाही त्यानं फी भरू नये असं मी तोंडावर सांगतो.

दुसरी चूक घाटातली. करूळ असो, भुईबावडा असो की आंबा, उजव्या वळणावर आपले लोक पांढऱ्या पट्टीला चिकटून आत घुसतात. चाक पट्टीच्या आत आहे म्हणून समाधान. पण गाडी उजवीकडं कलली की डोकं आणि खांदा पट्टीच्या पलीकडं जातात, नेमके समोरून येणाऱ्या एसटीच्या आरशाच्या वाटेत. उजव्या वळणाला आपल्या लेनच्या डाव्या बाजूनं शिरा, साइडपट्टीची खडी सोडून. वळणाचं तोंड उघडून पुढचा रस्ता दिसेपर्यंत आत येऊ नका. डाव्या वळणाला थोडं मध्याकडं राहा, म्हणजे कड्याआडचं आधी दिसतं. वेग वळणाच्या आधीच कमी झालेला हवा. वळणात चुकून जास्त वेगानं शिरलात तर कठड्याकडं बघू नका. नजर जिथं जाते तिथं गाडी जाते. मान वळवून रस्ता जिथून बाहेर पडतो तिथं बघा आणि ज्या बाजूला वळायचंय त्या बाजूचं हँडल पुढं ढकला. उजवीकडं जायचं तर उजवी मूठ पुढं. ऐकायला उलटं वाटतं, पण मैदानावर २५-३० च्या वेगात करून बघितलं की पटतं.

घाट उतरताना न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणाऱ्यांना एवढंच सांगतो: जो गियर चढायला लागतो, त्याच गियरमध्ये उतरा.

टायरची हवा बोटानं दाबून कळत नाही. गेज घ्या, गाडी थंड असताना बघा.

हेल्मेटचा पट्टा न लावणाऱ्याला मी मैदानात घेत नाही.

आता उसाच्या हंगामाबद्दल. कारखाने सुरू झाले की रात्रीच्या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या असतात. कितीकांना मागं लाल दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तरी तो लोंबणाऱ्या वाढ्यांखाली, म्हणजे उसाच्या शेंड्यांखाली, झाकलेला. माझ्या गाडीचा डिपरचा, म्हणजे खाली पाडलेल्या लाइटचा, उजेड जेमतेम ४० मीटर पोचतो. ८० च्या वेगात नुसतं कळून ब्रेक धरेपर्यंतच २२ मीटर जातात, त्यापुढं थांबायला चांगल्या हाताला ३६ तरी लागतात. म्हणजे ट्रॉली दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. राधानगरी रस्त्यावर मी रात्री पन्नाशीच्या वर जात नाही, मागचा कितीही हॉर्न वाजवू दे. समोरून लाइट अंगावर आले की नजर डाव्या कडेच्या पट्टीवर आणि ॲक्सिलरेटर बंद, कारण ट्रॉली नेमकी त्या झगमगाटामागच्या अंधारात असते. ओव्हरटेक करताना दोन्ही ट्रॉल्यांची लांबी धरा. वळणावर मागची ट्रॉली आत कापते आणि तिच्या बाजूनं बाहेर आलेले ऊस खांद्याच्या उंचीवर असतात. शेतातून रस्त्यावर आलेला चिखल आणि पडलेलं पाचट यांवर ब्रेक नको, कलणं नको. त्याच्या आधी वेग कमी करा आणि सरळ पार व्हा.

तो मित्र चार महिन्यांनी मैदानावर आला. पहिले तीन रविवार त्याला मी ३० च्या वर जाऊ दिलं नाही. त्यानं एकदाही विचारलं नाही की पुढचं कधी. चौथ्या रविवारी ४० वरून तो कोनाच्या हातभर अलीकडं थांबला, दोन्ही चाकं सरळ रेषेत.