टीनएजर पोरांसाठीची लैंगिक आरोग्याची वेबसाइट तपासताय? या चुका टाळा

पहिली चूक आमच्याच हातून झाली. नागपुरात महालच्या एका शाळेत नववी-दहावीच्या पोरांना एक वेबसाइट दाखवली, मग कागद वाटले, "माहिती उपयोगी वाटली का?" सगळ्यांनी हो लिहिलं, आम्ही खूश. पण सर मागेच उभे होते अन शेजारच्याची नजर कागदावर, अशात "नाही" कोण लिहिणार?

आवडली का ते विचारूच नका, नेमका प्रश्न द्या. झोपेत वीर्य गेलं तर तो आजार आहे का? (नाही, वयात येताना ते नॉर्मल आहे.) हाच प्रश्न वाचायच्या आधी, वाचल्यावर अन महिन्याभरानं परत, नाव नको, प्रत्येकानं आपली एक खूण कागदावर टाकायची म्हणजे तिन्ही उत्तरं जुळवता येतात. महिन्यानंतरचं उत्तर बरोबर आलं तर साइटनं काहीतरी केलं म्हणायचं.

हिट्स (साइट किती वेळा उघडली) अन "किती मिनिटं थांबले" यावर तर अजिबात जाऊ नका. फोन बहुतेक वेळा आईचा असतो, कोणी खोलीत आलं की पेज बंद, म्हणून वीस सेकंदांत उत्तर सापडलं अन पोरगी निघून गेली तर ते चांगलंच झालं ना.

अजून एक, लिंक हातात देऊन टेस्ट घेऊ नका. पोराला म्हणा, तूच शोध. आमच्याकडचे पोट्टे इंग्रजी अक्षरांत मराठी-हिंदी टाइप करतात, साइटवर लिहिलंय "निशास्खलन" (तेच, झोपेत वीर्य जाणं), तो शोधतो "स्वप्नदोष", मग समोर येतात ताकदीचं चूर्ण विकणारे. त्या नावातच "दोष" बसलाय, बिचारं लेकरू आधीच घाबरलेलं असतं! माहिती कितीही बरोबर असो, सापडलीच नाही तर काय उपयोग.

परदेशी साइटचं भाषांतर असेल तर कायदा बघाच. ब्रिटनमध्ये संमतीचं वय १६ आहे, आपल्याकडे २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं (लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांना वाचवणारा कायदा) १८. अन "डॉक्टर कोणालाच सांगणार नाही" असं तिथं लिहिलं असेल तर ते इथं जसंच्या तसं लागू नाही, कारण अठराच्या आतल्याशी संबंध हा गुन्हा धरतात, अन पॉक्सोच्या कलम १९ मध्ये अशा गुन्ह्याची माहिती असलेल्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. पोरीला हे आधीच कळलं पाहिजे, क्लिनिकमध्ये बसल्यावर नाही.

तातडीच्या गर्भनिरोधक गोळीचं पण तसंच, ती संबंधानंतर ७२ तासांच्या आत अन जितकी लवकर तितकी बरी, ही ओळ चौथ्या पेजवर दडली असेल तर ती साइट मी नापास करते.

शेवटी दिलेले नंबर स्वतः लावून बघा. चाइल्डलाइन १०९८, एचआयव्हीसाठी १०९७, सरकारी दवाखान्यातलं १० ते १९ वयासाठीचं मैत्री क्लिनिक, त्याचे वार अन वेळ. रविवारी संध्याकाळीही फोन करा, मराठीत बोलतात का ते ऐका, अन कोणी उचलतच नसेल तर साइटवाल्यांना त्याच दिवशी कळवा.