वेडर्स गळत नाहीत हो, तुम्ही चुकताय

देवगडला आम्ही गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जायचो ते अर्ध्या चड्डीत. पाणी सत्तावीस-अठ्ठावीस अंश, पायाखाली पुळण, फार तर एखाद्या कालवाने पाय कापायचा. न्यू जर्सीत आल्यावर एप्रिलच्या सुरुवातीला रॅरिटन बेच्या काठावर पहिल्यांदा स्ट्राइप्ड बास या माशासाठी उभा राहिलो, तोही जीन्स गुडघ्यापर्यंत दुमडून. पाच मिनिटांत पायाची बोटं जागेवर आहेत का हे वाकून बघायची वेळ आली. पुढच्या आठवड्यात वेडर्स घेतले. वेडर्स म्हणजे पावलापासून छातीपर्यंत एकसंध, खांद्यावर पट्ट्यांनी अडकवायची, पाणी आत न येऊ देणारी पँट. आईने व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि विचारलं, "गटार साफ करूक जातंस काय रे?"

तेव्हापासून ओळखीतले तिघे-चौघे दर वर्षी ऑक्टोबरात फोन करतात. मासे किनाऱ्याला लागलेत हे त्यांना कळलेलं असतं, शनिवारी जायचं ठरलेलं असतं आणि गुरुवारी रात्री विचारतात, "कुठले वेडर्स घेऊ?" डिसेंबरात पुन्हा फोन: "गळतायत रे." तीच चार वाक्यं बोलून कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून टाकतो.

गळतीची तक्रार आधी घेऊ, कारण निम्म्या वेळा ती गळती नसतेच.

हल्ली सगळे घेतात ते 'ब्रीदेबल' वेडर्स. नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या थरांमध्ये एक पातळ पडदा असतो. त्याची छिद्रं पाण्याच्या थेंबाच्या मानाने फारच बारीक, पण वाफ त्यातून जाते. गोअर-टेक्स हे त्यातलं प्रसिद्ध नाव. बॉब गोअर यांनी १९६९ साली टेफ्लॉनच्या जातीचं प्लॅस्टिक झटक्याने ताणलं आणि त्यातून ते निघालं. स्वस्त वेडर्समध्ये त्याऐवजी पॉलियुरेथेनचा थर असतो. दोन्हीकडे तत्त्व एकच: आत गरम आणि दमट, बाहेर गार आणि कोरडं असेल तर घामाची वाफ बाहेर जाणार. तिने बाहेर जायला आधी वाफ म्हणून राहायला हवं. तुम्ही आत जीन्स घालता. सुती कापड घाम पिऊन बसतं, त्याचा ओला पोतेरा होतो, आणि तीन तासांनी मांड्या गारठल्या की तुम्ही कंपनीला शिव्या घालता. आत सुती काही नको, मोजेसुद्धा नकोत. अंगालगत पॉलिएस्टरची पातळ लेगिंग, थंडी असेल तर वर फ्लीसची पँट, पायात लोकरी मोजे. पार्किंगपासून मैलभर वाळू तुडवायची असेल तर जॅकेट हातात घेऊन चाला, तिथे पोहोचल्यावर चढवा.

घाम की गळती, हे ओळखायला मी कपडे काढून बघतो. दोन्ही मांड्या, गुडघ्यांची मागची बाजू सारखी दमट असेल तर घाम. एकाच जागी, एकाच पायावर, हाताच्या तळव्याएवढा गार ओला डाग असेल तर भोक. एकाने जीभ लावून बघितलं होतं. घामही खारट आणि समुद्रही खारट, तेव्हा तो प्रयोग तुम्ही करू नका.

पट्टा गाडीत

आता ज्या चुकीवर माझा खरा राग आहे ती. वेडर्सबरोबर कमरेचा पट्टा येतो. तो बांधायचा असतो.

नोव्हेंबरातली सकाळ, आयलंड बीच स्टेट पार्क. गार्डन स्टेट पार्कवेच्या ८२ नंबरच्या एक्झिटवरून रूट ३७ ने समुद्राकडे गेलं की दक्षिणेला लागतो तो दहाएक मैलांचा, इमारती नसलेला वाळूचा पट्टा. बार्नेगट इनलेटच्या बाजूला गॅनेट पक्षी दगड टाकावेत तसे पाण्यात पडत होते, म्हणजे खाली बंकर माशांचा थवा आणि त्याखाली बास. मी गाडी लावली, वेडर्स ओढले, रॉड घेतला आणि पळालो. पट्टा मागच्या सीटवर राहिला. दोन मिनिटं मागे जायला नको म्हणून तसाच उतरलो.

ओहोटी होती. काठालगतची चर ओलांडून मांडीभर पाण्यातून बाहेरच्या वाळूच्या बांधावर गेलो. तिसऱ्या फेकीला मासा लागला. माशाकडे बघत होतो, लाटेकडे नाही. एक लाट छातीवर फुटली आणि मी बसलोच. पट्टा नसल्यामुळे वेडर्सचं तोंड घागरीसारखं उघडं होतं. पाणी साधारण बारा अंशांचं. ते पोटावरून खाली मांड्यांत, पोटऱ्यांत, पावलांत गेलं, आणि श्वास आत घेतला तो बाहेरच येईना.

"वेडर्समध्ये पाणी भरलं की माणूस दगडासारखा बुडतो" असं लोक सांगतात, ते खरं नाही. पाण्यात पाण्याचं वजन लागत नाही. पंचाईत होते ती उभं राहताना. चाळीस लिटर पाणी आत असेल तर गुडघ्याएवढ्या पाण्यात आल्यावर ते चाळीस किलो होतं, प्रत्येक पायात एकेक भरलेली बादली. त्यात लाट परतताना पायांखालची वाळू ओढून नेते. मी चर हातापायांवर रांगत पार केली. रॉड मनगटाला अडकला होता म्हणून वाचला. मासा अर्थातच गेला.

वाळूवर आल्यावर पाणी काढायला पाठीवर झोपून पाय वर केले. ते सगळं बर्फगार पाणी पोटऱ्यांतून पाठीकडे आलं आणि मानेपाशी कॉलरमधून बाहेर पडलं. शेजारच्या म्हाताऱ्या गोऱ्या काकांनी आपला रॉड वाळूत रोवला, थर्मासमधली कॉफी हातात दिली आणि काहीही न बोलता स्वतःच्या पट्ट्यावर दोनदा टिचकी मारली.

त्यानंतरची माझी सवय सांगतो. पट्टा वेडर्सच्या लूपमधून कधी काढतच नाही, वाळवतानाही नाही. पट्टा दोन इंच रुंद आणि थोडा ताणणारा असावा. बॅगेच्या पट्टीसारखा बारीक पट्टा भिजला की सैल होतो. बांधण्याआधी उकिडवं बसतो, म्हणजे पायातली हवा वरून निघून जाते. नाहीतर तुम्ही पडलात की पाय फुग्यासारखे वर येतात. मग दोन बोटं आत सरकवायला जोर लागेल इतका घट्ट करतो. फुटत्या लाटांत वेडर्सवर सर्फ टॉप, म्हणजे गळ्याशी आणि मनगटाशी घट्ट बसणारा पुलओव्हर, आणि त्याच्यावर दुसरा पट्टा. हे सगळं करायला चार मिनिटं लागतात. चार मिनिटांत मासे निघून जातील असं वाटत असेल तर जाऊ देत.

आणि एवढ्या आत जायचंच कशाला? बास पुष्कळदा त्या काठालगतच्या चरीतच फिरतो, कोरड्या वाळूपासून पंधरा-वीस मीटरवर. नवशिके कमरेइतक्या पाण्यात, म्हणजे मासा असतो नेमके तिथेच जाऊन उभे राहतात आणि गळ आणखी लांब फेकून मासे शोधतात.

पावलाशी वाळू

वेडर्स दोन जातींचे. एकात रबरी बूट पँटलाच जोडलेला असतो, तो बूटफूट. दुसऱ्यात पावलाशी निओप्रीनचा मोजा असतो आणि त्यावर वेगळे वेडिंग बूट घालायचे, तो स्टॉकिंगफूट. इंटरनेटवर जे मार्गदर्शन वाचून येता ते बहुतेक नदीत ट्राउट धरणाऱ्यांचं असतं, आणि ते स्टॉकिंगफूटच घ्या म्हणतात. नदीसाठी बरोबर आहे. घोट्याला आधार मिळतो, चालायला हलकं.

आमच्या किनाऱ्यावरची वाळू रव्यासारखी बारीक. बुटाच्या तोंडावरचं ग्रॅव्हल गार्ड खडे अडवतं, ही वाळू अडवत नाही. ती बूट आणि निओप्रीनच्या मधे जाऊन बसते आणि प्रत्येक पावलागणिक पॉलिश पेपरचं काम करते. आधी टाचेवर चकाकी येते, मग शिवण खरवडते, मग एका हंगामात पायाला पाणी. माझा पहिला स्टॉकिंगफूट असाच गेला, आणि तो स्वस्तातला नव्हता. बुटाच्या लेसचे धातूचे आकडे गंजले ते निराळंच. म्हणून पुळणीवर मी बूटफूट घालतो. पाय त्यात थोडा खुळखुळतो, लांब चाललं की पिंडऱ्या भरतात, ते सोसतो. स्टॉकिंगफूट फक्त दगडी जेट्टीसाठी, म्हणजे समुद्रात घुसलेल्या दगडांच्या बांधासाठी. एकच जोडी परवडत असेल आणि वाळूवरच जाणार असाल तर बूटफूट घ्या, यावर माझ्याशी वाद घालू नका. स्टॉकिंगफूटच असेल तर प्रत्येक फेरीनंतर बूट उतरवून आतून आणि निओप्रीन बाहेरून नळाखाली धुवा, वाळू बोटांना लागायची थांबेपर्यंत.

जेट्टीवर साध्या रबरी तळव्याने चढणं हा वेडेपणा आहे. शेवाळलेल्या दगडाला बुटाच्या तळव्यात ठोकलेले कार्बाइडचे, म्हणजे अतिकठीण धातूचे, खिळेच धरतात.

माप. दुकानात सरळ उभं राहून आरशात बघू नका. आतले सगळे थर घालून जा, एक पाय खुर्चीवर ठेवा, मग दोन्ही गुडघ्यांवर बसा. दोन पायांच्या जोडावर ताण आला तर ती शिवण पहिली जाणार. उलट आपल्या लोकांचं होतं असं की पोटाच्या घेरावरून माप घेतात आणि पाय वीतभर लांब निघतात. घोट्यापाशी जमलेल्या चुण्यांत वाळू साठते आणि मांड्यांच्या आतलं कापड एकमेकांवर घासून पातळ होतं. आखूड पाय आणि मोठा घेर, अशी मापं बऱ्याच कंपन्या बनवतात. 'शॉर्ट' किंवा 'स्टाउट' विचारा, लाजू नका. निओप्रीनचा मोजा चेपत असेल तर आणखी एक लोकरी मोजा घालून पाय गरम होणार नाही, उलट रक्त अडून जास्त गारठेल.

किंमत शंभरएक डॉलरपासून कित्येक पट वर जाते. मी मधल्या भावातले घेतो आणि गुडघ्याला व नडगीला जादा थर आहे का, शिवणीवरची टेप आतून सलग आहे का, एवढंच बघतो. छातीवरचे खिसे मोजू नका. पुढे चेन असलेले वेडर्स सोयीचे खरे, पण मीठ चेनमध्ये बसतं. दर वेळी धुऊन वंगण लावायचा आळस असेल तर बिनचेनचे बरे.

भोकं पडतात ती बहुतेक पाण्याबाहेर. पार्किंगच्या खडीवर निओप्रीनच्या मोज्यांनी उभं राहून बूट शोधणं, कालवं चिकटलेल्या दगडावर बूड टेकणं, गळ काढताना बास गुडघ्यांत दाबून धरणं (त्याच्या पाठीवरचे काटे बघितलेत का?). माझ्या डिकीत घरचं जुनं पायपुसणं असतं. त्यावर उभा राहून चढवतो, त्यावरच उतरवतो.

घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुणे, खांद्याच्या पट्ट्यांवर सावलीत टांगणे, बाहेरून वाळले की उलटे करून आतून वाळवणे. जुलैत डिकीत घडी करून ठेवू नका. फॅब्रिक सॉफ्टनर तर जवळही नको.

आणि भोक शोधायला वेडर्समध्ये पाणी भरू नका. एका मित्राने बाथरूममधल्या पडद्याच्या दांडीला टांगून ते नळाने गळ्यापर्यंत भरले. भोक सापडायच्या आधी दांडी खाली आली. अंधाऱ्या खोलीत आतून टॉर्च फिरवली तर मोठं भोक दिसतं. बारीकसाठी, गोअर-टेक्स असेल तर, वेडर्स उलटे करून औषधाच्या दुकानातलं आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारा; भोकाच्या जागी गडद ठिपका उमटतो. पॉलियुरेथेनच्या पडद्यावर ही युक्ती भरवशाची नाही. ठिपक्याभोवती बॉलपेनने गोल करायचा, अल्कोहोल पूर्ण उडू द्यायचं, मग अ‍ॅक्वासील या गोंदाचा थेंब क्वार्टरच्या (पाव डॉलरच्या) नाण्याएवढा पसरायचा आणि रात्रभर आडवं ठेवायचं. 'दोन तासांत सुकलं वाटलं' म्हणून निघालेले दोघे मला माहीत आहेत. दोघांच्याही पँटचे पाय आतून एकमेकांना चिकटले. उघडलेली ट्यूब बाहेर राहिली तर आत दगड होतो, म्हणून ती फ्रीजरमध्ये ठेवायची. आमच्याकडे ती खवलेल्या नारळाच्या पाकिटाशेजारी असते, आणि एकदा बोलणी खाल्ल्यापासून वेगळ्या डब्यात, वर मोठ्या अक्षरांत 'गोंद' लिहून.